बंडखोराला देवळात जागा

देवाच्या हुकमाबाहेर गेलेल्याचं पुढे काय होतं? हा प्रश्न पूर्वी धर्मग्रंथांचा होता, आता तो टीव्हीवरच्या मालिकांचाही झाला आहे. 'सुपरनॅचरल' ही अमेरिकी मालिका २००५ ते २०२० अशी पंधरा सीझन चालली. तिचे ३२७ भाग झाले आणि चौथ्या सीझनपासून तिचा सगळा डोलारा देवदूतांच्या फाटाफुटीवर उभा राहिला. आपल्याकडे 'झी मराठी'वर १८ मे २०१४ला 'जय मल्हार' सुरू झाली आणि १५ एप्रिल २०१७ला संपली. जवळजवळ तीन वर्षं संध्याकाळी सात वाजता जळगाव-धुळ्याच्या घरांतून भंडाऱ्याने माखलेला देव, त्याचा प्रधान, त्याच्या दोन बायका आणि त्याच्याविरुद्ध उठलेले दोन भाऊ यांची कथा चालू असे. दोन्ही मालिकांत देवाचा दरबार आहे, दोन्हींत निष्ठा आणि बंड आहे. मात्र बंडखोराचं शेवटी काय करायचं, याची दोघींकडची उत्तरं अगदी वेगळी आहेत. मला आपल्याकडचं उत्तर अधिक खोल वाटतं. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी पलीकडची बाजू नीट पाहू. 'सुपरनॅचरल'मधला कॅस्टिएल हा देवदूत २००८च्या सप्टेंबरात पहिल्यांदा पडद्यावर आला. नरकात पडलेल्या डीन विंचेस्टर नावाच्या माणसाला वर काढायचं, एवढा हुकूम घेऊन आलेला हा शिपाईगडी. हुकूम कुणी दिला, कशासाठी दिला, हे विचारायची त्याला सवयच नाही. सीझन संपता संपता त्याला कळतं की जगाचा अंत टाळावा असं वरच्यांच्या मनातच नाही. तो व्हावा अशीच त्यांची इच्छा आहे. तिथे कॅस्टिएल फिरतो आणि माणसाच्या बाजूने उभा राहतो.

त्याच्या वर जे चार श्रेष्ठ देवदूत आहेत त्यांचं भांडण तर सरळ भाऊबंदकीचं आहे. थोरला मायकेल आज्ञाधारक. बाप घर सोडून गेला आहे, तरी बापाने सांगून ठेवलेली लढाई लढायचीच, यावर अडून बसलेला. ल्युसिफरला माणसापुढे वाकायला सांगितलं, तो वाकला नाही. गॅब्रिएल या दोघांच्या भांडणाला विटून पळाला आणि वेष पालटून भूतलावर राहिला. राफाएलला थांबलेला अंत पुन्हा सुरू करायचा आहे, आणि त्याला अडवण्यासाठी कॅस्टिएल स्वर्गात यादवी पेटवतो. ती जिंकण्यासाठी तो नरकाच्या राजाशी हातमिळवणी करतो, असंख्य आत्मे गिळून अफाट बळ मिळवतो, स्वतःलाच देव म्हणवून घेतो आणि त्या बळाखाली स्वतःच फुटतो. पुढे मेटाट्रॉन नावाचा स्वर्गातला लेखनिक एक मंत्र साधून सगळ्याच देवदूतांना स्वर्गाबाहेर हाकलतो. आकाशातून उल्का पडाव्या तसे ते पृथ्वीवर कोसळतात, हे त्या मालिकेतलं एक फार परिणामकारक दृश्य आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे. तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याने देवदूतांविषयी बारकाईने लिहून ठेवलं. माणूस अंधारात चाचपडत, चुकत, शिकत निर्णय घेतो, म्हणून त्याला पश्चात्ताप शक्य आहे. देवदूताला मात्र सगळं एका क्षणात स्वच्छ दिसतं, त्यामुळे त्याची निवड एकदाच होते आणि कायमची होते. पडलेला देवदूत पडलेलाच राहतो, कारण त्याचं मन पुन्हा वळायला वावच नाही. इस्लाममध्ये मांडणी आणखी कडक आहे. देवदूत अवज्ञा करूच शकत नाहीत. आदमपुढे झुकायला नकार देणारा इब्लीस हा कुराणाच्या अठराव्या सुऱ्यात जिन्न म्हणून येतो; त्याला न्यायाच्या दिवसापर्यंत मुदत मिळते, माफी मिळत नाही. 'सुपरनॅचरल'चा ल्युसिफर माणसापुढे वाकायला तयार नसतो, तो धागा या कथेच्या अगदी जवळचा आहे.

मराठीलाही ही कथा नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने 'क्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ साली रायतूरच्या छापखान्यात रोमन लिपीत छापलं गेलं. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्या पुराणात देवदूतांची निर्मिती आणि ल्युसिफरचं पतन मराठी ओवीत आलं आहे. म्हणजे तुकोबा आठ-नऊ वर्षांचे असताना स्वर्गातलं बंड मराठीत छापून झालं होतं. ज्ञानेश्वरी आणि पुराणं ऐकत वाढलेल्या गोमंतकीय श्रोत्याला ही कथा ओळखीच्या चालीत ऐकायला मिळाली, आणि तरी तिचा शेवट त्याला परका वाटला असेल, असं मला राहून राहून वाटतं. कारण इथल्या कथांत देवाशी वैर धरणाऱ्याची गत वेगळीच होते.

आता मणी आणि मल्ल. 'मल्हारी माहात्म्य' या ग्रंथातली कथा खानदेशात घरोघर माहीत आहे. जागरणात ती रात्र रात्र चालते. ब्रह्मदेवाच्या वरामुळे हे दोन दैत्यभाऊ अजिंक्य झाले. त्यांनी ऋषींच्या तपोवनात धुमाकूळ घातला. ऋषी इंद्राकडे गेले, विष्णूकडे गेले, अखेर शंकराकडे गेले. शंकराने मार्तंडभैरवाचं, म्हणजेच खंडोबाचं रूप घेतलं, हळदीसारखं पिवळंधमक. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून सहा दिवस युद्ध झालं आणि षष्ठीला संपलं. तीच चंपाषष्ठी.

युद्धाचा शेवट नीट पाहण्यासारखा आहे. आधी मणी पडला. मरताना त्याने आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि मागणं मागितलं: जिथे तुझं देऊळ असेल तिथे मलाही जागा असू दे, आणि मला बकऱ्याचा नैवेद्य मिळू दे. देवाने ते मान्य केलं. म्हणून आज जेजुरीला मणी पुजला जातो. खंडोबाला पुरणपोळीचा नैवेद्य आणि मणीला मटणाचा, अशी वाटणी आजही पाळली जाते. मणी देवळात शिरला तो आपल्या खाण्यासकट, आपल्या स्वभावासकट शिरला. त्याला शाकाहारी करून, सोवळ्यात गुंडाळून कुणी आत घेतलं नाही.

मग मल्ल पडला. त्यालाही विचारलं, काय हवं? माहात्म्य सांगतं की त्याने जगाचा नाश मागितला, माणसांचं मांस मागितलं. देव संतापला, त्याचं मुंडकं उडवलं, आणि ते देवळाच्या पायरीशी आलं. येणाराजाणारा प्रत्येक भक्त त्यावर पाय देऊन आत जातो. लोककथेत मात्र दुसरी बाजूही ऐकू येते. मल्ल म्हणाला, माझं नाव तुझ्या नावाआधी येऊ दे. देव हो म्हणाला. आज लाखो लोक गळा फोडून 'जय मल्हार' म्हणतात तेव्हा त्यात हरलेल्याचं नावही असतं, अशी ही समजूत आहे.

या दोन्ही कथा एकाच परंपरेत सुखाने नांदतात, हे मला विशेष वाटतं. एका कथेत मल्ल शेवटपर्यंत वळला नाही आणि पायरीखाली गेला, दुसरीत तो देवाच्या नावात जाऊन बसला. पायरीखाली गेलेला मल्लसुद्धा देवळाबाहेर गेलेला नाही, हेही पाहा. त्याला ओलांडल्याशिवाय देवाकडे जाता येत नाही. आणि मणीचं मन मरणाच्या क्षणी वळलं. अक्वायनसच्या देवदूताला जी सोय नाही ती मणीला आहे. शेवटच्या श्वासाला बाजू बदलली तरी चालते; मागे केलेलं सगळं मोजून मग दार उघडायचं, असा हिशेब इथे नाही.

वैकुंठाचे द्वारपाल जय आणि विजय यांची कथा याच घराण्यातली. सनकादिक मुनींना त्यांनी दारात अडवलं, शाप मिळाला, आणि विष्णूने त्यांच्यापुढे पर्याय ठेवला: भक्त म्हणून सात जन्म की शत्रू म्हणून तीन? त्यांनी शत्रुत्व निवडलं, कारण लवकर परत येता येईल. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्र हे ते तीन जन्म. कीर्तनकार ही कथा रंगवून सांगतात ती उगाच नाही. सगळ्यात निष्ठावंत चाकर हेच सगळ्यात मोठे वैरी होते, ही कल्पना पचवायला कठीण आणि म्हणूनच टिकाऊ आहे.

निष्ठेचं सांगायचं तर खंडोबाच्या दरबारात हेगडी प्रधान येतो. परंपरा सांगते की हेगडी हा विष्णूचा अवतार. शंकर देव झाला आणि विष्णू त्याचा प्रधान झाला! शैव-वैष्णवांनी एकमेकांशी शतकानुशतकं घातलेले वाद ज्यांना ठाऊक आहेत त्यांना यातलं धाडस कळेल. हेगडी लढाईत आहे, लग्नात आहे, आणि घरात भांडण पेटलं की मध्यस्थीलाही तोच. मायकेलसारखी हुकूम पाळायचा म्हणून पाळायचा अशी त्याची निष्ठा नाही. तो धन्याला बोलू शकतो, आडवाटेने समजावू शकतो. 'जय मल्हार'मध्ये या पात्राला जी जागा मिळाली ती योग्यच होती.

आणि भांडण म्हणजे देवाच्या दोन बायका, म्हाळसा आणि बाणू. इथे कथा खानदेशात येते.

म्हाळसा नेवाशाची, लिंगायत वाण्याची लेक. तिचं लग्न साताऱ्याकडच्या पालीत लागलं. बाणू धनगराची. तिचं गाव चंदनपुरी, गिरणेच्या काठी, मालेगावला लागून. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने पन्नासेक किलोमीटरवर. आज मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे, पण १८६९ साली नाशिक जिल्हा वेगळा काढला त्याआधी हा मुलूख खानदेशातच होता. भाषेच्या आणि देवाच्या हिशेबाने तो अजूनही इकडचाच आहे. या पट्ट्यात अहिराणी चालते आणि खंडोबाला खंडेराव म्हणतात. चंदनपुरीवरून वाहणारं गिरणेचं पाणी पुढे चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याची शिवारं भिजवत जळगावच्या अंगाने तापीला मिळतं. जागरणाच्या गाण्यांत बाणू येते तेव्हा खानदेशी माणसाला ती आपल्या नदीकाठची वाटते, ते या कारणाने.

कथा अशी. खंडोबा आणि म्हाळसा सारीपाट खेळायला बसले. पैज लागली, देव हरला आणि बारा वर्षं घर सोडावं लागलं. तो चंदनपुरीला बाणूच्या बापाच्या वाड्यावर चाकरीला राहिला. वेष गबाळा, काम मेंढरं राखायचं. सगळ्या जगाचा धनी दुसऱ्याच्या मेंढरांमागे हिंडला, शेण काढलं, बोलणी खाल्ली. मेंढरं धुवायला नेली तेव्हा त्याने ती मारून टाकली. बापाने बाणूचा हात देण्याचं कबूल केलं तेव्हा पुन्हा जिवंत केली. मग बाणूला घेऊन तो जेजुरीला आला आणि गडावर आग पेटली.

या भांडणाची गाणी जागरणात फार रंगतात. वाघ्या म्हाळसेची बाजू घेतो, मुरळी बाणूची, किंवा उलट. एक म्हणते तू रानातली, तुझ्या अंगाला मेंढरांचा वास. दुसरी म्हणते तुझं सोवळं तुझ्यापाशी, धनी माझ्या वाड्यावर बारा वर्षं राबला. समोर बसलेल्या बायका दोन्ही बाजूंनी हसतात. जर्मन अभ्यासक गुंथर सोनथायमर यांनी आयुष्यातला मोठा काळ धनगर आणि खंडोबा यांच्या अभ्यासात घालवला. त्यांनी दाखवून दिलं की या सवतींमागे दोन जगं उभी आहेत: एक गावातलं, शेतीचं, बाजारपेठेचं आणि दुसरं रानातलं, मेंढपाळांचं. उन्हाळ्यात धनगराचा कळप शेतात बसतो तेव्हा शेतकऱ्याला खत मिळतं आणि धनगराला धान्य. पीक उभं असताना तेच मेंढरू शेतात शिरलं की कोयते निघतात. गरज आणि वैर दोन्ही खरं. म्हाळसा-बाणूचं भांडण म्हणूनच कधी संपत नाही आणि कधी तुटेपर्यंतही जात नाही.

त्याचा तोडगा जेजुरीच्या डोंगरावर दगडात बांधलेला आहे. गडावर खंडोबाजवळ म्हाळसा, आणि अर्ध्या डोंगरावर बाणाईचं वेगळं देऊळ. माणसं चढताना बाणाईला भेटतात आणि मग वर जातात. या वाटणीत अन्याय आहे का? मला वाटतं, आहे. धनगराच्या लेकीला गडाचा माथा मिळाला नाही, आणि तो का मिळाला नाही हे जातीच्या उतरंडीशिवाय समजत नाही. पण तिला डोंगरावरून काढूनही टाकलं नाही. आणि चंदनपुरीला गेलं की चित्र बदलतं: तिथे बाणूच मानाची, देव तिच्या माहेरी आलेला. पालीची यात्रा पौषात भरते आणि चंदनपुरीचीही पौष पौर्णिमेपासून. एकाच महिन्यात एकीकडे म्हाळसेच्या लग्नाचा सोहळा आणि दुसरीकडे बाणूच्या गावी जत्रा. भक्तांनी दोघींमध्ये कुणा एकीची निवड केलीच नाही.

बायका दोनच नाहीत, पाच आहेत. शिंप्याची रंभाई, माळ्याची फुलाई, आणि चांदाई, जिला काही ठिकाणी तेलीण म्हणतात आणि मुसलमान भाविक आपली मानतात. रा. चिं. ढेरे यांचं 'खंडोबा' हे पुस्तक १९६१ साली आलं, त्यात हा सगळा पसारा फार निगुतीने उलगडला आहे. देवाचं घर म्हणजे गावातल्या जातींचा पट. प्रत्येक जातीला वाटतं, देव आपला जावई. 'सुपरनॅचरल'च्या स्वर्गात सगळे एका बापाची लेकरं असूनही एकमेकांचे गळे धरतात. खंडोबाच्या दरबारात वेगवेगळ्या घरांतून आलेले लोक लग्नसंबंधाने एकत्र बांधले आहेत. हुकमाने बांधलेलं घर फुटलं की फुटतं. सोयरिकीने बांधलेल्या घरात रुसवा, अबोला, वाटणी सगळं चालतं आणि सणाला सगळे परत येतात.

मालिकेने याचं काय केलं? महेश कोठारे यांच्या कोठारे व्हिजनने ती बनवली. देवदत्त नागे खंडोबा, ईशा केसकर बाणू, आणि म्हाळसा झाल्या जळगावच्या सुरभी हांडे. खानदेशात तिचं कौतुक थोडं जास्त झालं असेल तर त्यात नवल नाही. टीव्हीला रोज एक भाग लागतो, म्हणून जागरणात एका रात्रीत संपणारं भांडण महिनोन्‌महिने चाललं. त्यात गाण्यांतला मोकळा चावटपणा गेला. म्हाळसेच्या तोंडची सणसणीत शिवी आणि बाणूचं तिखट उत्तर दोन्ही सौम्य झालं. पण एक गोष्ट मालिकेने चांगली केली. दोघींपैकी कुणालाही खलनायिका केलं नाही. मराठी मालिकांत सवत म्हणजे काळी टिकली आणि तिरकी नजर असा साचा असताना हे सोपं नव्हतं. पुढे २०२३ साली देवदत्त नागे 'आदिपुरुष' या चित्रपटात बजरंग झाले. धन्याची भूमिका करणाऱ्याने मग निष्ठावंत सेवकाचीही केली. खंडोबाने बाणूच्या वाड्यावर चाकरी केलेली ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात विसंगती दिसणार नाही.

टीव्ही बंद केल्यावर हा दरबार खानदेशात कुठे दिसतो? चंपाषष्ठीला. चातुर्मासात बंद असलेलं वांगं त्या दिवशी मोकळं होतं, आणि वांग्याच्या बाबतीत जळगाव जिल्ह्याला शिकवायची गरज नाही. यावल तालुक्यातल्या बामणोदची भरताची वांगी प्रसिद्ध आहेत: हिरवट पांढरी, मोठी, कमी बियांची. ती कापसाच्या वाळल्या काड्यांवर भाजतात, साल काढून लाकडी भांड्यात ठेचतात, वरून हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात. बाजरीच्या रोडग्याबरोबर हे भरीत देवापुढे जातं. कांदा-लसूण चालणारा हा नैवेद्य आहे. त्यातला घास कुत्र्याला घालतात, कारण कुत्रा देवाचा.

मग तळी. पाटावर ताम्हण, त्यात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याची वाटी, भंडारा. घरातले आणि शेजारचे मिळून पाच पुरुष डोक्याला टोपी घालून भोवती बसतात, ताम्हणाला हात लावतात आणि 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत तीनदा वर उचलतात. दिवटी पेटलेली असते. खोबऱ्याचे तुकडे होतात, भंडारा कपाळाला लागतो. पाच जणांनी एका ताटाला हात लावायचा, एकट्याने उचलायचं नाही, हा नियम आहे. ज्यांचं वर्षभर बांधावरून बोलणं बंद आहे असे दोन भाऊबंद त्या ताम्हणाला शेजारी शेजारी हात लावून बसलेले खानदेशातल्या कित्येक घरांत दिसतील.

गावोगावी बारागाड्या ओढल्या जातात, कुठे चंपाषष्ठीला, कुठे इतर यात्रांत. बारा बैलगाड्या दोरखंडाने एकामागे एक बांधायच्या, बैल नाहीत, गाड्यांवर माणसं खच्चून बसलेली, आणि त्या ओढायच्या भगताने. त्याच्या दोन्ही अंगांना बगले धावतात. खंडेरावाच्या, मरीमातेच्या नावाने हा मान विशिष्ट घराण्यांकडे चालत येतो. माघात धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला खंडेराव महाराजांची यात्रा भरते. निष्ठा म्हणजे मनातला भाव एवढंच इथे पुरत नाही. ती खांद्याने, कमरेने, उपासाने दाखवायची असते. गाड्यांखाली येऊन अपघात झाले आहेत, तेही विसरू नये.

निष्ठेची काळी बाजूही याच दरबारात आहे. वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवतो. गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, हातात कोटंबा; नवस फेडताना तो कुत्र्यासारखा भुंकतो, जमिनीवर ठेवलेल्या ताटात तोंड घालून खातो. काहींचं हे व्रत एका दिवसाचं असतं, काहींचं जन्माचं. मोठ्या माणसाने आपण होऊन घेतलेलं व्रत एक वेळ समजू शकतं. मुरळीचं तसं नव्हतं. नवसाने झालेली, कधी आजारातून उठलेली लहान मुलगी देवाशी लग्न लावून सोडली जायची. तिला कुणी विचारलं नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी या प्रथेविरुद्ध आवाज उठवला. १९३४ साली मुंबई प्रांतात देवदासी संरक्षण कायदा झाला आणि २००५ साली महाराष्ट्राने समर्पणाची प्रथा निर्मूलन करणारा कायदा केला. मणीला मागणं मागायची संधी मिळाली, मुरळीला मिळाली नाही. देवाच्या नावावर मागितलेली निष्ठा कुणाच्या पदरी काय टाकते, हे विचारल्याशिवाय तिचं कौतुक करू नये, आणि मालिकांनी हे विचारलेलं नाही.

म्हणूनच देवाशी भांडणारी, देवाला चाकरी करायला लावणारी कथा मोलाची आहे. कॅस्टिएल स्वर्गाविरुद्ध उभा राहिला तेव्हा जगभरच्या तरुण प्रेक्षकांना तो आपला वाटला, कारण हुकूम चुकीचा असेल तर काय करायचं हा प्रश्न त्यांचाही होता. 'सुपरनॅचरल'ने अखेर देवालाच खलनायक केलं. तो तिथल्या मांडणीचा अटळ शेवट होता. हुकूम देणारा एकटाच असेल तर दोष शेवटी त्याच्यावरच जातो. खंडोबाच्या कथेत हे ओझं वाटून घेतलेलं आहे. देव हरतो, चाकरी करतो, बायकोचं ऐकून घेतो, प्रधानाचा सल्ला मानतो, वैऱ्याचं नाव आपल्या नावाला लावून घेतो. त्याच्यावर रागावायची सोय त्याच्या कथेतच ठेवलेली आहे.

ही कथा ज्यांच्या गळ्यात आहे ती माणसं आता म्हातारी झाली आहेत. मालिकेचे भाग मोबाइलवर केव्हाही सापडतील. तुमच्या गावच्या वाघ्याने अहिराणीत म्हटलेलं म्हाळसा-बाणूचं भांडण तसं सापडणार नाही. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, जळगावात विद्यापीठ आहे. तिथल्या तरुण अभ्यासकांनी हे काम हाती घ्यावंच. पण त्यांची वाट पाहू नका. यंदा घरात किंवा गल्लीत जागरण असेल तर मोबाइल चालू ठेवून शेवटपर्यंत बसा, म्हणणाऱ्याचं नाव, गाव आणि त्याला ते गाणं कुणी शिकवलं हे त्याच्या परवानगीने विचारून लिहून ठेवा, आणि शिव्या आल्या तर त्या गाळू नका.